परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्या नव्या गुडघ्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर गंज चढेल त्यांना. पुढे एक कुत्रा येणार आहे, तोही खरा आहे. आणि मध्येच 'असं कुठं असतं का' म्हणून विचारायचं नाही. कॅनडात मंगळागौर शनिवारी असते हे पटतंय ना? मग बाकीचंही पटेल.

तर केंब्रिजला, म्हणजे इंग्लंडातल्या नव्हे, आमच्या कॅनडातल्या, अरुणाच्या घरी मंगळागौर होती. शनिवारी, कारण इथं गौरीलासुद्धा वीकेंड बघूनच यावं लागतं. अरुणाच्या मुलाचं, नंदनचं, डिसेंबरात नागपूरला लग्न झालं आणि सून मैत्रेयी जूनमध्ये इकडे आली. नवी सून म्हटल्यावर पहिली मंगळागौर आलीच. पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की ही मंगळागौर सुनेची कमी आणि बेसमेंटची जास्त आहे.

अरुणाचा नवरा म्हणजे बाळकाका. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, रिटायर झाले, आणि घरात बसून बायकोच्या डोक्यावर मिऱ्या वाटण्याऐवजी बेसमेंट करायला घेतलं. दोन हिवाळे खाली ठोकाठोक चालू होती. लाकडासारखी दिसणारी चकचकीत फरशी, भिंतभर आरसा, रंग बदलणारे दिवे आणि एक बार, ज्यात कोकम सरबताच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. त्याला कोणी बेसमेंट म्हटलं की बाळकाका शांतपणे 'लोअर लेव्हल' अशी दुरुस्ती करायचे.

आता इथल्या मराठी माणसाची सगळी मजा जिन्याखाली असते. वाढदिवस बेसमेंटमध्ये, डोहाळजेवण बेसमेंटमध्ये, भजन, पत्ते, गाण्याची बैठक, सगळं खाली. वर फक्त चपला आणि कोट उरतात. आणि ऊर्मीची खुर्ची.

ऊर्मी ही शोभाची मुलगी, एकोणीस वर्षांची. पाय जन्मापासून चालत नाहीत. डाव्या हाताची पकड जरा कच्ची. उजवा हात मात्र मोठा तल्लख, कारण खुर्चीची दांडी त्याच हातात. खुर्ची बॅटरीवरची, जागच्या जागी गर्रकन वळणारी, आणि वजनाला म्हशीच्या तोडीची. ती कोणाच्या बापाला जिन्यावरून उचलायची नाही. म्हणून मग काय करायचे, तर चार काका मिळून ऊर्मीला उचलायचे, पालखी उतरवावी तशी खाली न्यायचे आणि सोफ्यावर ठेवायचे. खुर्ची वर, ऊर्मी खाली. मग घरी जावंसं वाटलं तरी चार काका गोळा होईपर्यंत थांबायचं, आणि काका जेवत असले तर त्यांचे गुलाबजाम संपेपर्यंत. ऊर्मी त्या सोफ्यावर बसून काकांची पानं बघायची. कोण दुसऱ्यांदा वाढून घेतोय याचा तिला पक्का अंदाज यायचा.

ते एक वेळ तिनं सोसलं असतं. तिला खरं सलायचं ते दुसरंच.

लहान असताना मंडळाच्या पिकनिकला लिंबू-चमच्याची शर्यत होती. ऊर्मी चमचा दातात धरून रांगेत लागली होती. लिंबू चमच्यात बसलेलंही होतं. तेवढ्यात कोणीतरी मायेनं तिच्या तोंडातला चमचा काढून घेतला, हातात शिट्टी दिली आणि म्हटलं, आमची ऊर्मी आज परीक्षक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची तर तिच्याकडे होतीच. तिथून जी ती परीक्षक झाली ती झालीच. रांगोळीची परीक्षक, फॅन्सी ड्रेसची परीक्षक, मोदकांची, उखाण्यांची, एकदा तर आजोबा लोकांच्या रस्सीखेचीची. दर वेळी गळ्यात शाल आणि हातात नारळ. तिच्या कपाटात इतक्या शाली आहेत की विंडसरला शिकायला जाताना सगळ्या नेल्या, तर तिथल्या पूर्ण वसतिगृहाचा हिवाळा निघेल.

या सगळ्यात तिला कोणी कधी 'आऊट' म्हटलं नव्हतं. बाकीची पोरं आऊट व्हायची, भांडायची, रडायची, चिटिंग केली म्हणून एकमेकांचे केस ओढायची. ऊर्मीचे केस कोणी ओढले नाहीत. खेळलीच नाही तर आऊट कशी होणार.

गावात अपंग मुलांसाठी एक सेंटर आहे. दर गुरुवारी ऊर्मी तिथंही जाते. तिथं जिनाच नाही, दारं आपोआप उघडतात, वॉशरूम एवढं मोठं की आत लग्न लागेल. माणसं चांगली आहेत. बास्केटबॉलमध्ये तिला आऊटही करतात. पण तिथं फुगडी म्हणजे काय ते कोणाला माहीत नाही. एकदा त्यांनी मुलांना आपापल्या घरचे खेळ दाखवायला बोलावलं होतं. ऊर्मी खूष झाली. तर तिला विचारलं, तू सामोसे आणशील का. थोडक्यात, तिकडे ती इंडियन आणि इकडे ती खुर्ची. नुसती ऊर्मी म्हणून खेळायला जागा कुठं नव्हती. सप्टेंबरात ती विंडसरला जाणार होती. म्हणजे केंब्रिजमधली ही तिची शेवटची मंगळागौर. यंदाही खेळली नाही, तर या गावाच्या लेखी ती जन्मभर परीक्षकच राहणार, हे तिला दिसत होतं.

जुलैच्या शेवटी अरुणा आमंत्रण द्यायला आली. बरोबर मैत्रेयी. अरुणानं फोनमध्ये छापील पत्रिका दाखवली. पूजा, जेवण, मग फुगडीची स्पर्धा. खाली ठळक अक्षरांत, 'परीक्षक : कु. ऊर्मी. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' शोभानं कौतुकानं मान डोलावली. ऊर्मीनं आईकडे बघितलं आणि मग छताकडे.

मैत्रेयी बिचारी नवीन. तिला गावची रीत काय माहीत. पोह्यांची बशी हातात घेऊन ती ऊर्मीजवळ बसली आणि सहज विचारलं, "तू कोणासोबत खेळतेस फुगडी?"

शोभा चहा बघायला उठली. अरुणानं समजावलं, की अगं, ऊर्मी परीक्षक असते.

"हो, पण खेळते कोणासोबत?" मैत्रेयीनं पुन्हा विचारलं. तिला वाटलं, सासूबाईंनी प्रश्न नीट ऐकला नाही. मग म्हणाली, की माझी इथं कोणाशीच ओळख नाही, सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या आहेत, आणि माझ्याच मंगळागौरीला मी काय उभी राहून पाहू का. बोलता बोलता तिची नजर खुर्चीच्या चाकांवर गेली. "हे जागच्या जागी फिरतं का गं?"

ऊर्मीनं दांडी वळवली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची अशी गरगरली, की अरुणानं दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले. मैत्रेयीनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, मग एका हाताची फुगडी होते की.

होतेच. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, फुगडीचे प्रकार ढीगभर आहेत. बसून घालतात, वाकून घालतात, गुडघ्यावर घालतात, आणि एका हाताचीही घालतात. आपल्या आज्या-पणज्यांनी सगळ्या प्रकारच्या बायकांची सोय आधीच करून ठेवली होती. जिना मात्र त्यांनी ठेवला नव्हता. तो बाळकाकांनी ठेवला.

त्यानंतर मैत्रेयी 'वॉकला जाते' असं सांगून संध्याकाळी शोभाच्या ड्राइव्हवेवर यायला लागली. उजवा हात दांडीवर, डावा मैत्रेयीच्या हातात. पहिल्यांदा ऊर्मीचा हात लगेच सुटला. दुसऱ्यांदा सुटला. मैत्रेयी घसरून कचऱ्याच्या डब्यावर बसली. ऊर्मी हसून हसून खोकायला लागली. मग त्यांनी पकड बदलली, बोटांऐवजी मनगटाला मनगट धरलं. शोभा खिडकीतून बघत होती, पण तिनं बघितलं नाही असं तिचं म्हणणं आहे.

मंगळागौरीच्या दिवशी सगळ्या बायका नटून आल्या. मैत्रेयी नऊवारीत, पायात पळायचे बूट. अरुणा दारात उभी राहून प्रत्येकीला आधी जिना दाखवत होती. ड्राइव्हवेवर चार काका झब्बे घालून, बाह्या मागे सारून तयार. त्यातले एक फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांना बाळकाकांनी मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे उचलायचं कामसुद्धा शास्त्रशुद्ध.

ऊर्मी व्हॅनमधून उतरली आणि गॅरेजसमोर येऊन थांबली. काका पुढे झाले. ती म्हणाली, मी खाली येणार नाही.

शोभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खालच्या आवाजात म्हणाली, की ऊर्मी, लोकांच्या घरी आलोय आपण, एवढी तयारी केलीये त्यांनी. अरुणा बाहेर आली. तिनं आधी समजूत काढली, मग आरशाचं वर्णन केलं, मग दिव्यांचं, मग म्हणाली, की अगं, तुझ्यासाठी खाली स्पेशल खुर्ची ठेवलीये, मखमली.

मोठ्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. परीक्षक नेहमी गोड बोलतात. पण तिनं फोन काढला आणि पत्रिका उघडून अरुणासमोर धरली.

"काकू, हे तुम्हीच लिहिलंय. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

"हो, पण तो स्पर्धेचा गं."

"स्पर्धेचाच देतेय. स्पर्धा गॅरेजमध्ये होईल."

आता मराठी माणूस देवाला उलट बोलेल, बॉसला बोलेल, पण छापून आलेल्या परीक्षकाला बोलणार नाही. तीच तर मंडळाची सगळी शिस्त. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अरुणाचा चेहरा असा झाला, की जणू कोणी तिच्या आरशावर पाणी ओतलं. गॅरेजमध्ये दोन गाड्या, बर्फ उडवायचा स्नोब्लोअर, विंटर टायर्सचे ढीग, फावडी, टॉयलेट पेपरचे गठ्ठे, आणि नंदनच्या लहानपणीची मोडकी सायकल. ते काय पाहुण्यांना दाखवायचं असतं?

ती बाळकाकांकडे वळली, की तुम्ही तरी सांगा हिला. बाळकाका गॅरेजच्या जमिनीकडे बघत होते. बूट घासून पाहिला. मग म्हणाले, की फुगडीला सिमेंट बरंच म्हणायचं, खालची फरशी पॉलिशची आहे, बायका घसरतील. एवढं बोलून त्यांनी एक टायर उचलला. आता चार काका उचलायला आलेलेच होते. ऊर्मी नाही तर टायर, त्यांना काय. गाड्या रस्त्यावर गेल्या, टायर बाजूला, स्नोब्लोअरवर पैठणी टाकून त्याला झाकलं, आणि बघता बघता गॅरेज रिकामं. कोकम सरबतही वर आलं.

अरुणा एका कडेला उभी होती. तिच्याकडे बघून ऊर्मीला वाईट वाटलं, पण इतकंही नाही. तिनं दुसरा निर्णय दिला. परीक्षक राजीनामा देत आहे. नवीन परीक्षक, अरुणाकाकू.

अरुणा नको नको म्हणाली, पण तोपर्यंत कोणीतरी खालून मखमली खुर्ची आणून ठेवली होती. खरं सांगू का, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसायची सोय बघणारी बाई. त्या खुर्चीत बसल्यावर तिला जरा बरंच वाटलं. तिनं पदर सारखा केला. ऊर्मी तिच्याजवळ खुर्ची घेऊन गेली.

"काकू, एक प्रॉमिस करा. हात सुटला तर आऊट म्हणायचं. माझाही."

"अगं, तुला कसं आऊट म्हणू?"

"जसं अवनीला म्हणाल तसं."

अवनी आणि रुचा या दोघी बहिणी, नाचाच्या क्लासला जाणाऱ्या, दर वर्षी जिंकणाऱ्या. स्पर्धा अशी होती, की सगळ्या जोड्या एकदम सुरू करणार, जिचा हात सुटेल ती बाहेर, शेवटी उरेल ती जिंकली. ऊर्मी आणि मैत्रेयी मध्यभागी. मनगटाला मनगट. म्हाताऱ्यांनी तोंडानं पकवा धरला, फूं फूं करून ताल सुरू झाला आणि अरुणानं हात खाली केला.

आधी दोन मावश्या गेल्या, त्यांना चक्कर आली. मग एक जोडी हसता हसता सुटली. मग आणखी एक. प्रत्येक वेळी अरुणा 'आऊट' म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा वाढत होता. तिला ते आवडायला लागलं होतं. शेवटी उरल्या दोनच जोड्या. एकीकडे अवनी आणि रुचा, भिंगरीसारख्या. दुसरीकडे खुर्ची, आणि तिच्याभोवती नऊवारीतली नागपूरची सून.

आता इंजिनिअर लोकांना ठाऊक असतं, की इथल्या गॅरेजची जमीन बाहेरच्या बाजूला थोडी उतरती असते, गाडीवरचा बर्फ वितळला की पाणी वाहून जावं म्हणून. बाळकाकांना ठाऊक होतं, पण ते विसरले. गिरकीमागून गिरकी घेत ही जोडी हळूहळू दाराकडे सरकायला लागली. गॅरेजच्या बाहेर पडली. थांबायचं तर हात सोडायला हवा, आणि हात सोडला तर आऊट. म्हणून त्या फिरतच राहिल्या. ड्राइव्हवे उतरल्या. फुटपाथ ओलांडला. रस्ता ओलांडला. कुरिअरची गाडी येत होती, ती थांबली, आणि ड्रायव्हरनं टोपी काढली. समोरचे गोरे आजोबा हिरवळीला पाणी घालत होते, त्यांच्या अंगणात फुगडी शिरली. आजोबांचा कुत्रा आधी भुंकला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही शेपटी धरून यांच्याबरोबर गोल फिरायला लागला. मैत्रेयीचा पदर असा उडाला की आजोबांचे मेपलचे दोन फांटे हलले. मागे सगळं गॅरेज रस्त्याच्या कडेला येऊन उभं. परीक्षकांना मखमली खुर्चीसकट चार काकांनी उचलून आणलेलं.

ऊर्मीला आकाश गोल दिसत होतं, घरं गोल, माणसं गोल. मध्ये स्थिर फक्त मैत्रेयीचं तोंड, घामेजलेलं आणि हसणारं. डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. तिनं दांडी उलटी दाबली आणि फुगडी उलटी फिरत, ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, चढ चढून परत गॅरेजमध्ये आली. तिथं अवनी आणि रुचा अजून फिरत होत्या, पण हे दृश्य बघून रुचाचा तोल गेला आणि हात सुटला. अरुणा ओरडली, आऊट. आणि ऊर्मी आणि मैत्रेयी जिंकल्या.

शेवटी बाळकाका शाल आणि नारळ घेऊन आले. ऊर्मीनं शाल अरुणाच्या खांद्यावर टाकली. परीक्षकांचा सत्कार. नारळ तिनं ठेवून घेतला आणि तिथंच गॅरेजच्या कट्ट्यावर फोडायला लावला.

झाली गोष्ट. पण ही गोष्ट मी गेल्या आठवड्यात ऊर्मीला फोनवर वाचून दाखवली. ती विंडसरला असते आता. कुत्र्यापर्यंत तिनं निमूट ऐकलं. शेवट आल्यावर म्हणाली, "नो, आजी. तुम्ही ते बदललंत. फिक्स इट."

म्हणून सांगते. एक तपशील मी पदरचा घातला. त्या जिंकल्या नाहीत. तिसऱ्या आल्या. अजून दोन जोड्या फिरत होत्या आणि गॅरेजच्या दारातच ऊर्मीचा डावा हात निसटला. मैत्रेयी दोन पावलं मागे गेली, खुर्ची एक गिरकी एकटीच फिरली आणि थांबली. पकवा थांबला. शोभानं तोंडाला पदर लावला. अरुणा म्हणणार होती, की राहू दे, परत घ्या, हात नीट धरला नव्हता. तिचं तोंड तसं उघडलंसुद्धा होतं. ऊर्मी तिच्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली.

मग अरुणानं सुनेकडे बघितलं, ऊर्मीकडे बघितलं, आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाली, "आऊट."

ऊर्मी लगेच भांडायला लागली, की मैत्रेयीनं आधी सोडला, मी नाही सोडला. मैत्रेयी म्हणाली, खोटारडी. दोघी घरी जाईपर्यंत भांडत होत्या. अरुणानं निर्णय बदलला नाही.

तेव्हा हात सुटला. सुटला तो दारातच सुटला. आता त्या दारातच आऊट झाल्या तर रस्ता कसा ओलांडला आणि आजोबांच्या अंगणात कशा पोचल्या, असं कोणी विचारेल, तर मी एकच तपशील कबूल करायचं ठरवलं होतं आणि तो करून झाला. कुत्रा खरा आहे.